एकाच दाताला टांगलेली दाढ

पन्नाशीत मी एक अतिशहाणपणा केला. पडलेल्या दाढेच्या जागी खोटी दाढ हवी होती. कोपरीतले दातांचे डॉक्टर म्हणाले, "दोन्ही शेजारचे दात घासून बारीक करू, त्यांवर खोट्या दाढेचा ब्रिज बसवू." मला वाटलं, हा घासायला चांगले दातच शोधतोय! मी हट्टानं खोटी दाढ शेजारच्या एकाच दाताला टांगायला लावली.

डॉक्टर कधी डोळ्यांत बघत नसत, फक्त तोंडात. माठ घेताना वाजवून बघतात तसा आरशाच्या दांड्यानं दात वाजवत, मान कलती करून ऐकत आणि नुसतं "हं" म्हणत. त्या "हं"चाही मला संशय. निळा कागद दातांत देऊन म्हणत, "चावा. आता दात खा." ते तर मी त्यांच्यावर आधीपासूनच खात होते! खोट्या दाढेवर जिथे निळा ठिपका उमटे, तिथे डॉक्टर ती घासत. आधाराच्या दातावर भार कमी पडावा म्हणून. मी घरी येऊन त्याच बाजूनं चिक्की फोडत असे.

दोन वर्षांत आधाराचा दात हलू लागला, काढावाच लागला. डॉक्टरांनी तो कापसात गुंडाळून माझ्या तळहातावर ठेवला आणि प्रथमच डोळ्यांत बघून म्हणाले, "काकू, माझ्यावर संशय घेतलात ते ठीक. पण या एकट्या बिचाऱ्यावर एवढा विश्वास कसा टाकलात?"