सोमवारच्या फोटोवर लेकीचं उत्तर

मैत्रिणींनो, आज सकाळी नेहमीप्रमाणे सिद्धेश्वराच्या देवळातून घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. पुण्यातल्या लेकीसाठी खाली लिहिलं, "उपाशी ऑफिसला जाऊ नकोस."

तिचं उत्तर आलं, "ओके बूमर." भाच्यांनी खाली हसरे चेहरे टाकले. मला वाटलं, पोरीनं ऐकलं. मी उलट हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

दुपारी शेजारच्या वैष्णवीला अर्थ विचारला. ती कॉलेजात आहे. आधी सांगेचना. मग म्हणाली, "काकू, दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लई पोरं जन्मली की, ती बूमर. त्यावरूनच आमच्या वयाच्यांना झूमर म्हणतात. पण आता जुनाट माणसाला गप्प करायला बूमर म्हणतात."

"अगं, माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. आईनं खडी फोडून सरकारी सुकडीवर दिवस काढले."

"मनावर नका घेऊ काकू. सगळेच म्हणतात."

सगळे म्हणतात म्हणून लागत नाही का? मीही माझ्या आईशी भांडले, उलट बोलले. पण तिला कळणार नाही अशा शब्दांत कधी बोलले नाही.

पुढच्या सोमवारी देवळात जाईनच. फोटो पाठवू की नको, तुम्हीच सांगा.