आईचा गोड आवाज

भुताखेतांवर माझा कवडीचा विश्वास नाही... रस्त्यात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तर सरळ ओलांडून पुढे जाणारी बाई मी. म्हणूनच हे लिहावं की नाही, यात बरेच महिने गेले.

माझी आई जन्मापासून मुकी. तिच्या वर्षश्राद्धाला, जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी, दादानं – माझ्या थोरल्या भावानं – एका स्टुडिओतून एआयचा व्हिडिओ करून आणला. आईचा पासपोर्ट फोटो म्हणे बोलणार! मी म्हटलं, अरे, जी जन्मात एक शब्द बोलली नाही तिला आता कसलं बोलवतोस? तर म्हणे, पाहुण्यांना बरं वाटेल. दादापुढं कुणाचं चालतंय!

जेवणं उरकल्यावर टीव्हीवर व्हिडिओ लागला. "माझ्या लेकरांनो, सुखी राहा..." लाडिक, पुस्तकी मराठी. मावश्या पदर डोळ्यांना लावून रडायला लागल्या. मला तर किळस आली, खरं सांगते.

आणि शेवटी खालून दोन हात वर आले. फोटो खांद्यापर्यंतचाच होता हो! उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर टक्‌टक्‌ वाजली... लहानपणी आम्ही मागून तिच्या गळ्यात पडलो की आई अस्संच करायची. म्हणजे, 'सोड'. ही खूण आमच्या घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हती.

माझे वडील, अण्णा, उठून उभेच राहिले.

"सोड म्हनतीया ती," ते म्हणाले. "सोडा की रं तिला."

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. स्टुडिओवाल्याला विचारलं, तर एआय कधीकधी आपल्या मनानंच हात घालतं म्हणाला. बरं, घालू दे... पण हीच खूण? त्यानं दुसरा व्हिडिओ करून दिला. त्यातही शेवटी तेच.

आम्ही दोन्ही पुसून टाकले. पण तोवर मावश्यांनी पहिला व्हिडिओ ग्रुपवर टाकला होता. तिथून तो कुठल्या कुठल्या पेजवर गेला, कुणी त्याला गाणंही लावलं. तक्रारी करून थकले. एकीकडचा काढला की दुसरीकडे निघतो. अण्णांचं जेवणावरचं मन उडालंय. रोज एकच विचारतात, सुटली का गं ती?

ती खूण मशीनला कुणी शिकवली, मला आजही कळलेलं नाही. काल ऑफिसात नव्यानं आलेल्या एका बाईंनी मला थांबवलं, मोबाईलवर तोच व्हिडिओ लावला आणि डोळे पुसत म्हणाल्या, "किती गोड आवाज होता हो तुमच्या आईंचा."