बाई, या, जेवून घ्या

जुन्नरकडच्या एका निवारा केंद्रात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा पिंजऱ्यांच्या रांगेतून हाक आली, "बाई, या, जेवून घ्या." मी शाळेतली बाई. उभा जन्म त्याच हाकेला ओ देण्यात गेलेला. "नको हो, डबा खाऊन आलेय," म्हणत वळले, तर तिथले सांभाळणारे बाबा मांसाची बादली घेऊन माझ्याकडे पाठ करून उभे. हाक बिबट्याच्या मादीला होती. ती उठली आणि बादलीकडे न बघता माझ्याकडे बघत पुढे आली. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

ती विहिरीत पडली होती. सुळे तुटले होते, म्हणून तिला परत रानात सोडणार नव्हते. अशा सोडवून आणलेल्या जनावरांवर मी मुलांसाठी पुस्तकं लिहायचे, पदरचे पैसे घालून छापायचे आणि शाळाशाळांत वाटायचे. जनावर गोष्टीत तरी घरी जायला हवं, हा माझा हट्ट. म्हणून हिला मी गोष्टीत उसात सोडलं. वर असंही लिहिलं की एक मुलगी रोज बांधावरून त्याच शब्दांत हाक मारते आणि ती येते.

खर्डा बाबांना वाचून दाखवला. ते घोडेगावच्या वरच्या डोंगरातले, कमी बोलणारे.

"बाकी लई ब्येस हाय," ते म्हणाले. "पर हाक काढा. बोलावल्याव येतंच ते."

"अहो बाबा, गोष्ट आहे ती."

"मंग? पोरं तीच ऐकत्यात."

हाक काढली तर गोष्टीत उरतं काय? मी नाही काढली. तेव्हा मला माझ्या लेखणीचं फार कौतुक होतं.

वर्षभराने शिनोलीजवळच्या एका शाळेत गेले. दुसरीतली एक मुलगी माझा पदर धरून म्हणाली, "बाई, तुमची वाघीण आमच्याकं येती. मी हाक मारली की ऊस हालतो."

शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. लख्ख ऊन होतं, वाऱ्याचा पत्ता नव्हता. घरामागे लगेच ऊस. तिने बांधावर भाकरीचा तुकडा ठेवला आणि हाक मारली, थेट बाबांच्या चालीत. शब्द माझ्या पुस्तकातले होते, पण चाल मी कुठेच लिहिली नव्हती.

बऱ्याच आत ऊस हलला. बाकीचं शेत गप्प, तेवढा एकच पट्टा हलत होता आणि तो आमच्याकडे सरकत होता. मी भ्याले, हे खरंच. पण त्याआधी माझा एक पाय आपोआप उसाकडे पडला होता, आणि त्याची भीती मला आजही वाटते.

मी पोरीला ओढून मागे घेतलं. ऊस थांबला.

"अगं, ती तिकडे पिंजऱ्यात आहे," मी म्हणाले. "कधी सुटलीच नाही. मी खोटं लिहिलं."

ती उसाकडेच बघत होती. "मंग ही कोन?"

तिच्या आईला सगळं सांगितलं, वनखात्याला कळवलं. मग मी शाळाशाळांत फिरून ती पुस्तकं परत मागू लागले. त्या मुलीकडे सगळ्यात आधी गेले. वाटलं होतं, रडेल, देणार नाही. तिने खाकी कव्हर घातलेलं पुस्तक दप्तरातून काढून निमूट माझ्या हातात दिलं.

"घ्या बाई," ती म्हणाली. "मला समदं पाठ हाय."