नजराण्याचं पिल्लू

कुत्रीचं पिल्लू जन्मतं तेव्हा कुत्र्यासारखं मुळीच दिसत नाही. उंदीर आणि भाजलेलं वांगं यांच्या मधलं काहीतरी दिसतं. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, नाकानं हुडकत आईच्या पोटाकडे सरपटायचं एवढंच त्याला येतं. अशी चार वांगी माझ्या स्वाधीन झाली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माझ्याच स्वाधीन का, तर कुत्री सासूबाईंवर गुरगुरायची आणि माझ्यावर नाही. एवढीच माझी पात्रता. पण सासरी कुणाचं तरी आपल्यावाचून अडतंय म्हणून ती एकोणीस वर्षांची शहाणी अशी काही फुगली की विचारू नका. आज भेटली तर कान धरीन तिचा.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, संस्थानच्या शिकारखान्यात होते. होते कारकून, पण त्यांच्या गोष्टींतला प्रत्येक वाघ आधी त्यांना मुजरा करायचा आणि मग मरायचा. संस्थान विलीन झालं, शिकारखाना मोडला, तेव्हा तिथली एक शिकारी जातीची कुत्री त्यांनी घरी आणली. आमची कुत्री तिची लेक. पुढे मध्यभारत झाला आणि ह्यांना सचिवालयात नोकरी लागली. आता तो मध्यभारतही मोडणार, नवं राज्य होणार आणि राजधानी भोपाळला जाणार, असं ठरलं होतं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गल्ल्यांतून मराठी घरांत दुसरं बोलणंच नव्हतं. कुणाला भोपाळला जावं लागणार, कुणाला इथेच ठेवणार?

घरच्यांना हे ग्वाल्हेरात राहायला हवे होते. मला भोपाळ हवं होतं. सरकारी क्वार्टर, दोन खोल्या का असेनात, पण चौका, म्हणजे स्वयंपाकघर, माझा. चहा माझ्या वेळेला. आणि ह्यांच्याशी दिवसाउजेडी बोलता येईल. इथे नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तर सासूबाई देवळात जाव्या लागत आणि मामंजी फूलबागेत फिरायला, तेही एकाच वेळी. पण हे मी कुणाजवळ बोलले नाही. सुनेनं असं बोलायची रीत नव्हती, असं मी पुढे पुष्कळ वर्षं सांगत आले. खरं म्हणजे छाती नव्हती. रीतीचं नाव पुढे केलं की घाबरटपणा शालीन दिसतो.

कोण जाणार हे ठरवणारे साहेब नवे होते, बाहेरून आलेले. मामंजींनी एके दिवशी जेवताना जाहीर केलं, "दसऱ्याला साहेबांना नजर करायची."

दरबारात दसऱ्याला रुमालावर मोहोर ठेवून राजापुढे धरायची चाल होती, तिला नजर म्हणत. आता मोहोर कुठली आणायची?

"पिल्लू देऊ," मामंजी म्हणाले. "खानदानी चीज आहे. मुलगा इथेच राहील."

"राजे गेले," सासूबाई वाढता वाढता म्हणाल्या, "पण ह्यांचा दरबार काही उठत नाही."

मला ग्वाल्हेरात जखडून ठेवणारं पिल्लू मलाच वाढवायचं होतं. आणि मी ते वाढवलं! जीव ओतून वाढवलं.

पंधरवड्याच्या आसपास डोळे किलकिले झाले, धुरकट निळे. त्या डोळ्यांना काही दिसत नसतं, पण पिल्लं माझ्याकडेच बघतात अशी माझी खात्री. मग कान उघडले आणि भांडं पडलं की चौघं एकदम दचकू लागली. उभं राहायला शिकली ती दारुड्यासारखी, मागचे पाय एकीकडे, पुढचे दुसरीकडे. त्यांतलं एक जण पहिल्यांदा भुंकलं आणि स्वतःच्याच आवाजाला भिऊन आईच्या पोटाखाली शिरलं. कुत्री त्यांची पोटं चाटायची, कारण तशी चाटल्याशिवाय इतक्या लहान पिल्लांना शू-शीदेखील होत नाही. हे मामंजींनी सांगितलं तेव्हा मला केवढी किळस आली होती. दात आले तशी कुत्री दूध पाजता पाजता मध्येच उठून चालू पडायला लागली. लुचणारी पिल्लं टपाटप गळून पडत. मग मी वाटी घेऊन पुढे, दुधात कुस्करलेली पोळी. वाढवत होती कुत्री, वाटी उचलत होते मी, पण शेजारणींना सांगताना "मीच वाढवतेय हो."

"लवकर तोडायचं नाही आईपासून," मामंजी बजावत. "एकमेकांना चावून चावून शिकतात, किती जोरात चावायचं ते. जे एकटं वाढतं त्याला अंदाज येत नाही."

नजरेसाठी निवडलेलं पिल्लू सर्वांत गुबगुबीत होतं. दीड महिन्याचं झालं आणि त्याची शेपटी वर वळू लागली. शिकारी जातीची शेपटी खाली, लांब, सरळ. ह्याची जिलबी झाली. गल्लीत हलवायाच्या दुकानापुढे एक पिवळा कुत्रा पडलेला असायचा, त्याची हुबेहूब.

सासूबाई चष्मा लावून वाकल्या. "अहो, तुमची खानदानी चीज हलवायाच्या दारात झोपते की!"

"शेपटीवर काही नसतं," मामंजी ताठ. "सूनबाई, रोज कोमट तेल लावून सरळ करत जा."

इथे तरी त्या मुलीनं हात आखडता घ्यायचा की नाही? शेपटी वाकडी राहिली असती, नजर रद्द झाली असती, भोपाळ दिसलं असतं. पण मामंजी लोकांसमोर "आमच्या सूनबाईंच्या हाताला गुण आहे" म्हणाले होते. झालं. मी रोज सकाळी तासभर बसून कुत्र्याची शेपटी चोळत होते. ती सोडली की परत जिलबी.

दसऱ्याला मामंजींनी पगडी घातली. पिल्लू माझ्याच मांडीवर गप्प बसायचं म्हणून टांग्यात ह्यांच्याबरोबर मलाही घेतलं. साहेब भला माणूस निघाला. व्हरांड्यात आम्हाला बसवलं, त्यांच्या मुलांनी पिल्लू पळवलं, हसण्या-ओरडण्यानं बंगला भरून गेला. मामंजींनी मात्र वाकून रीतसर मुजरा केला. साहेब गडबडून उभे राहिले.

"अरे, ये क्या तकल्लुफ़! बताइए, इसके कितने दूँ?"

मामंजींचा चेहरा उतरला. "नजर है, साहब."

"अच्छा, शुक्रिया. और मेरे लायक कोई काम?"

ह्याच प्रश्नासाठी तर आम्ही दोन महिने कुत्रं पोसलं होतं. हे बाजूला उभे, वडिलांकडे बघत. आणि मामंजी म्हणाले, "बस, आपकी मेहरबानी बनी रहे."

उलट पावली तीन पावलं मागे आले आणि टांग्यात बसले. नजर केल्यावर मागायचं नसतं, राजानं ओळखायचं असतं. साहेबानं काय ओळखावं? त्याला वाटलं, म्हातारा हौसेनं पिल्लू देऊन गेला.

ह्यांना भोपाळचा हुकूम आला. सासूबाई आठवडाभर बोलत होत्या, "तोंडानं मागता येईना आणि म्हणे दरबारी!" मी चौक्यात पदर तोंडात धरून हसले. रात्री ट्रंक काढली आणि माझी लुगडी तळाला घातली, ह्यांचे कपडे वर.

दिवाळी झाली, थंडी पडली. उरलेल्यांतली दोन पिल्लं लोकांनी नेली, एक मादी राहिली. तिचे दुधाचे दात पडत होते, जिथे तिथे चावायची. निघायच्या आदल्या दिवशी ह्यांच्या बिछान्याचा पट्टा तिच्या तोंडातून सोडवत होते, तर हे म्हणाले, "क्वार्टर अजून मिळालं नाहीये. आणि आई म्हणते, कुत्रीचं, हिचं कोण करणार? बाबांचे गुडघे असे. ती तुझंच ऐकते. तू इथेच बरी, नाही का?"

शेवटचं त्यांनी विचारलं होतं. प्रश्नच होता तो, मी नीट ऐकला. उत्तर द्यायला जागाही ठेवली होती त्यांनी, पट्टा हातात घेऊन थांबले होते. मी म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

"मग ट्रंकेत थोडी जागा कर. कागद ठेवायचेत."

मी लुगडी काढली.

भोपाळ मी पाहिलं ते थोरल्याची मुंज झाल्यावर, सासूसासऱ्यांच्या माघारी. मधल्या वर्षांत हे सणासुदीला येत, पाहुण्यासारखे, आणि मी त्यांना पाहुण्यासारखं वाढत असे. क्वार्टर दोन खोल्यांचंच होतं, मी मनात धरलं होतं तसंच. ह्यांनी स्वतः चहा केला, चांगला केला. सकाळी पाचला उठायचं, आपलं पाणी आपण तापवायचं, जेवताना वर्तमानपत्र वाचायचं, सगळं त्यांचं बसून गेलेलं होतं. मी विचारलं, "माझं सामान कुठे ठेवू?" ते दोन्ही खोल्यांतून एकदा फिरून आले, आणि मग म्हणाले, "तूर्त दाराशीच असू दे."