जावयाचा डबा

गाडी फाट्यावर थांबली की नानाजी भोयर दुपट्टा तोंडावर ओढून घेत आणि झोपेचं सोंग करत. सगळी गाडी खाली उतरे. कमळाबाईच्या हॉटेलातून फोडणीचा वास खिडकीतून आत येई. पलीकडच्या खिडकीशी बसलेली त्यांची मुलगी दिव्यानी मोबाइलमध्ये डोकं घालून बसे. बापलेक दोघंही गाडी सुटायची वाट पाहत.

या फाट्यावर गाडी थांबायला लागली ती नानाजींमुळेच. अहेरी-चंद्रपूर गाडीवर ते कंडक्टर होते. गोंडपिपरी सोडल्यावर पुढे हा फाटा लागतो. एक पिंपळ, एक पंक्चरवाला आणि कमळाबाईची टिनाची शेड. नवरा गेल्यावर तिनं चुलीवर वडाभात रांधून विकायला सुरुवात केली, तेव्हा तिथे फक्त सायकलवाले थांबत. नानाजींनी एकदा खाऊन पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून घंटी मारून "दहा मिनिटं!" असं ओरडायला लागले. पुढे तो रिवाजच पडला. गाडी जिथे जेवायला थांबते तिथे ड्रायव्हर-कंडक्टरच्या जेवणाचे पैसे घेत नाहीत, ही रस्त्यावरची जुनी रीत आहे. त्या रीतीनं नानाजी निवृत्त होईपर्यंत कमळाबाईच्या हातचं जेवले, आणि निवृत्तीनंतरही तिनं त्यांचे पैसे घेतले नाहीत. पावसाळ्यात नाल्याला पूर येऊन गाडी अडकली तर ती चूल विझू देत नसे. "नानाभाऊची गाडी यायची आहे," म्हणत बसून राही.

ती नुसती वाढत नसे, विचारतही असे. बायकोची कंबर कशी आहे, आष्टीच्या घराचा स्लॅब पडला का, पोट्टीचं लग्न कुठी जमलं. पानात भात पडेपर्यंत माणसाची सगळी खबर तिच्याकडे जमा होई, आणि पुढची गाडी येईपर्यंत ती दुसऱ्या कुणाला तरी पोचलेली असे. त्यात खोटेपणा नव्हता. जेवणारा आपला आहे, म्हणून त्याचं सुखदुःख आपलं, इतका साधा तिचा हिशेब होता.

दिव्यानी नवऱ्याचं घर सोडून आष्टीला परत आली, त्यानंतरची पहिली तारीख चंद्रपूरच्या कोर्टात होती. त्या दिवशी नानाजी तिला घेऊन सवयीनं फाट्यावर उतरले. कमळाबाई पदराला हात पुसत पुढे आली. तिनं आधी दिव्यानीच्या कपाळावर कुंकू टेकवलं, मग भरल्या शेडमध्ये विचारलं, "काऊन वं पोट्टी, एकलीच? जावई कुठी आहे?"

दिव्यानीनं बापाकडं पाहिलं.

"चंद्रपूरलेच असते तो," नानाजी म्हणाले. "तिथंच चाललो."

हे काही खोटं नव्हतं. जावई चंद्रपूरलाच होता, आणि ते चंद्रपूरलाच चालले होते.

"मंग त्याले उपाशी ठेवता का?" कमळाबाईनं आपलं नाव कोरलेला स्टीलचा डबा काढला. वडे, भात, वेगळ्या खणात कढी, वरून फोडणीचं तेल. "लगनात पाह्यलं होतं त्याले. लाजून राह्यला होता बिचारा. सांगजो, कमळामावशीनं देल्लं."

मागच्या बाकावरचे दोघं-तिघं कौतुकानं हसले. दिव्यानीच्या ताटातला वडा अर्धाच मोडलेला राहिला.

त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात बापलेकीच्या मधे तो डबा होता आणि जावई व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला वकिलाशी बोलत उभा होता. दिव्यानी म्हणाली, "बाबा, हा फेकून द्या." नानाजी डबा घेऊन इमारतीच्या मागे गेले. कडुनिंबाखाली एक ओटा होता. फेकायला म्हणून त्यांनी झाकण उघडलं आणि उभ्याउभ्या सगळा खाल्ला. नळावर डबा धुतला. परत येऊन सांगितलं, "देल्ला एका म्हाताऱ्याले." हे मात्र खोटं होतं.

कोर्टातून बाहेर पडल्यावर दिव्यानी म्हणाली, "मले भूक लागली. पण जिथं कोणी ओळखत नाई तिथं चला."

असं ठिकाण चंद्रपुरात मोठ्या रस्त्यावर होतं. काचेचं दार, लाल पाटी, नागपुरात जसं तसंच इथेही. नानाजी बाहेर चपला काढायला लागले, तेव्हा तिनं त्यांना हाताला धरून आत नेलं. काउंटरवरच्या टोपीवाल्या पोरीनं दोनच प्रश्न विचारले: छोटं की मोठं, आणि इथे खाणार की नेणार. मग एक पावती दिली. थोड्या वेळानं पडद्यावर नंबर आला आणि दिव्यानी उठून ट्रे घेऊन आली.

तिनं सगळं संपवलं. बोटंसुद्धा पुसली नाहीत, चाटली. कितीतरी महिन्यांनी ती अशी जेवली होती.

नानाजींनी आजूबाजूला पाहिलं. इथे कॉलेजची पोरं असतील असं त्यांना वाटलं होतं. पण एका टेबलावर दवाखान्याची मोठी पिशवी मांडीवर घेतलेलं खेड्यातलं जोडपं होतं. दुसऱ्यावर एक मुलगी आणि एक मुलगा, दोघांच्या गप्पा कुणी ऐकू नयेत इतक्या हळू. कोपऱ्यात एकटी बाई, निवांत, पर्स खुर्चीवर टाकून. फाट्यावर एकटी बाई अशी बसली असती तर गाडी सुटेपर्यंत तिच्या सात पिढ्या निघाल्या असत्या. आतल्या बाजूला बायकांसाठी स्वच्छ संडास होता, आतून कडी लागणारा. कमळाबाईच्या शेडमागे फक्त बांबूचं बेट होतं. गाडीतल्या बायका एकमेकींना आडोसा धरत. इतक्या वर्षांत हे आपल्या ध्यानात कसं आलं नाही, असं नानाजींना वाटलं. आणि त्याहून वाईट गोष्ट म्हणजे, थंड हवेत पाठ टेकून बसताना त्यांना स्वतःलाही बरं वाटत होतं. "नानाभाऊ, तब्येत उतरली की तुमची," असं म्हणणारं तिथे कुणी नव्हतं.

डबा परत करायचा राहिला होता. फाट्यावर उतरायची छाती होत नव्हती. म्हणून पुढच्या वेळी त्यांनी तो गाडीवरच्या नव्या कंडक्टरकडे, सुरजकडे दिला. "कमळाबाईले दे. माह्ये गुडघे दुखते, उतरता नाई येत म्हण."

"अन् जावयाले कसं लागलं, विचारन ना ते," सुरज म्हणाला. "काय सांगू?"

नानाजी म्हणाले, "लय आवडलं म्हण."

ते वाक्य फाट्यावर पोचलं आणि डबा भरून परत आला. मग दर तारखेला येत राहिला. सुरज तो आपल्या सीटखाली ठेवी आणि चंद्रपूर स्टँडवर, दिव्यानी ऑटो बघायला पुढे गेली की, नानाजींच्या हातात देई. कधी वडाभात, एकदा सात्यांची, म्हणजे रानातल्या अळंब्यांची भाजी, एकदा बांबूच्या कोवळ्या कोंबांचे वास्ते. "बाई म्हणते, जावई शहरातला, त्याले हे भेटत नसन," सुरज सांगे. तोही मनापासून सांगे, त्यालाही ठाऊक नव्हतं.

दिव्यानी वकिलाकडे गेली की नानाजी कडुनिंबाखाली जाऊन जावयाचं जेवण जेवत. घास गोड लागे. मग काचेच्या दारामागे बसून ते फक्त चहा घेत. दिव्यानीला वाटे, बाबाला इथलं आवडत नाही, माझ्यासाठी येतात. एकदा ती म्हणालीही, "बाबा, तुम्ही माह्यासाठी किती करता." नानाजींनी कपात पाहिलं.

शेवटच्या तारखेला त्यांचं नाव सगळ्यात आधी पुकारलं गेलं. दोघांच्या संमतीनं काडीमोड झाला. काम इतकं लवकर संपलं की कडुनिंबाखाली जायला वेळच मिळाला नाही. डबा पिशवीतच राहिला, आणि पिशवी लाल पाटीच्या दुकानात टेबलाखाली ठेवावी लागली.

दिव्यानीनं त्या दिवशी आइस्क्रीमही मागवलं होतं. ती हसत होती. तेवढ्यात पोछा घेतलेला पोरगा येऊन अदबीनं म्हणाला, "सर, तुमच्या बॅगमधून काहीतरी गळतंय."

पांढऱ्या फरशीवर पिवळी कढी पसरत चालली होती. दिव्यानीनं पिशवी उचलली आणि डबा बाहेर काढला. झाकणावरचं नाव वाचलं.

"हा त पहिल्या तारखेचा डबा. परत नाई केला तुम्ही?"

"केला होता."

"मंग?"

नानाजींनी सांगितलं. सगळं सांगावं लागलं, कारण अर्धं सांगून त्यातलं काही समजण्यासारखं नव्हतं. पोछावाला पोरगा तोवर फरशी पुसून गेला.

"म्हंजे तिले अजून वाटते का माह्यं लगन टिकून आहे?" दिव्यानीचा आवाज चढला नाही. "मी इथं काऊन येतो, बाबा? लोकं विचारते, मले सांगून सांगून कंटाळा येते, म्हणून. पण मी लपवून नाई राह्यली. मी शिकवतो त्या शाळेत सगळ्या मॅडमले सांगतलं. तुम्ही लपवून राह्यले. मले वाटे माह्या लाजेपायी तुम्ही इथं येता. तुम्ही तुमच्या लाजेपायी येता."

पडद्यावर कुणाचा तरी नंबर आला आणि गेला.

परतीच्या गाडीत दिव्यानी रिकामा करून धुतलेला डबा मांडीवर घेऊन बसली. ऊन कलायला लागलं होतं. गाडी फाट्यावर थांबली, सुरजनं "दहा मिनिटं!" म्हटलं आणि दिव्यानी रिकामा डबा घेऊन उतरली. नानाजींचा हात दुपट्ट्याकडे गेला, पण त्यांनी तो तोंडावर घेतला नाही. खिडकीतून सगळं दिसत होतं.

दिव्यानी चुलीपाशी उभी राहून बोलली. कमळाबाईच्या हातातला झारा तेलावर तसाच थांबला. मग तिचा आवाज गाडीपर्यंत आला, "अन् मी इतके दिवस डबा भरू भरू कोणाले देल्ला?"

"बाबानं खाल्ला."

शेडमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. कमळाबाईनं तिकडे अशा नजरेनं पाहिलं की तो ताटात पाहायला लागला. मग तिनं हळू आवाजात काही विचारलं. दिव्यानीनं मान हलवली. "नाई मावशी, जेवत नाई. तुमचा राग नाई. पण तुम्ही लय विचारता." कमळाबाईनं डबा घेतला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. या वेळी कुंकवाची डबी काढली नाही. दिव्यानी पिंपळाखाली जाऊन उभी राहिली.

आता न उतरणं शक्य नव्हतं. नानाजी दांडा धरून खाली आले. गुडघे खरंच दुखत होते, पण आता ते कुणी खरं मानलं नसतं. ते नेहमीच्या बाकावर बसले. "कमळाबाई," ते म्हणाले, "चुकलं माह्यं."

कमळाबाईनं ताट आणून पुढ्यात ठेवलं. भात, दोन वडे, कढी. इतर गिऱ्हाइकांना असतं तेवढंच. तेलाची धार सोडताना ती दरवेळी जे विचारायची, ते तिनं विचारलं नाही. बायकोच्या कमरेचं विचारलं नाही, गुडघ्याचंही नाही. पुढच्या बाकावरच्या अनोळखी माणसाचं रिकामं पान घेऊन ती चुलीकडे वळली.

नानाजी जेवले. वाढायला कुणी आलं नाही. त्यांना आणखी एक वडा हवा होता. पूर्वी तो न मागता पानात पडे, आणि ते "पुरे, पुरे" म्हणत हात आडवा धरत. आज हात आडवा धरायची वेळ आली नाही. मागितला असता तर तिनं दिला असता, हे त्यांना ठाऊक होतं. पण इथे वडा मागून घ्यावा लागतो, हेच त्यांना आज पहिल्यांदा कळलं होतं, आणि ते मागू शकले नाहीत.

सुरजनं घंटी मारली. नानाजींनी हात धुतले आणि रीतीबाहेर जाऊन जेवणाचे पैसे बाकावर ठेवले. कमळाबाईनं ते उचलले. एका शब्दानंही नको म्हटलं नाही.