आधारवरचं वय

किस्से गोळा करायला आम्हाला कुठं जावं लागत नाही. ते पायऱ्या चढून आपणहून दुकानात येतात आणि वर विचारतात, "ताई, आमचा नंबर कधी?"

बजाजनगरात माझं सेवा केंद्र आहे. केंद्र म्हणजे एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि शेख चाचा. चाचा झेरॉक्स आणि लॅमिनेशन बघतात, आणि माझा आवाज फार चढला की मधे पडतात. त्यामुळं त्यांना दिवसभर काम असतं.

सत्तरीच्या वरच्यांना फुकट उपचाराचं आयुष्मान कार्ड निघालं, तेव्हा मला वाटलं, चला, निदान हे काम तरी सोपं आहे. नियम एकच! आधारवर सत्तर पूर्ण पाहिजेत. गरीब चालतो, श्रीमंत चालतो, पेन्शनवाला चालतो. एका ओळीचा नियम. पण एका ओळीत शंभर माणसं अडकवून दाखवायची कला आपल्याकडं आहे. कारण आपल्याकडं माणसाला एकच वय कुठं असतं? लग्न ठरताना वेगळं, नोकरीला लागताना वेगळं, निराधार योजनेचा पगार घेताना वेगळं. आधार काढताना समोरच्या पोरानं तोंडाकडं बघून टाकलेलं चौथंच.

*

आमचे दादाराव घ्या. वाळूजच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर उभं आयुष्य काढलेला माणूस. भरतीच्या वेळी वय जास्त भरत होतं म्हणून त्यांनी सहा वर्षं खाली उतरवली. पुढं आधार निघालं ते कंपनीच्या ओळखपत्रावरून. त्यामुळं आधारवर दादाराव सहासष्ट. छातीत मात्र बहात्तर!

छातीचं सांगायचं कारण, डॉक्टरांनी तीन ब्लॉकेज दाखवले आणि बायपास सांगितलं. "दोन महिने गोळ्यांवर काढू. त्यापुढं माझा भरवसा धरू नका," असंही सांगितलं. खर्चाचा आकडा ऐकून दादारावांच्या बायको पारूबाईंनी डॉक्टरांना विचारलं म्हणे, "हे एकाच मानसाचं का?"

तुम्ही म्हणाल, रेशन कार्डावरच्या योजनेत बसवायचं. बसवलं असतं की! पण दादारावांचं नाव गावच्या रेशन कार्डावरून कमी झालं होतं आणि शहरातल्या कार्डावर चढलंच नव्हतं. सरकारच्या हिशोबानं दादाराव गेली कित्येक वर्षं कुठंच राहत नव्हते. उरलं ते हे सत्तरीचं कार्ड.

मग रोज सकाळी अकराला दादाराव यायचे आणि कोपऱ्यातली खुर्ची धरायचे.

"जयभीम ताई. वाढलं का वय?"

"नाही हो, दादाराव."

"लई सावकाश वाढायलंय. आरशात तर झपाझप दिसतंय!"

*

एक दिवस पारूबाई सोबत आल्या. काकू प्रत्यक्षात चौसष्टच्या. पण निराधारच्या पगारासाठी गावातल्या कुठल्याशा पुढाऱ्यानं त्यांना दहा वर्षं वाढवून दिलेली. आधारवर चौऱ्याहत्तर! मी सहज नंबर टाकून बघितला आणि सात मिनिटांत काकूंचं कार्ड तयार. या बाईला आयुष्यात कधी साधी सर्दी झालेली नाही.

काकूंनी कार्ड उलटसुलट करून बघितलं.

"माझ्या कार्डावर ह्यांचं करा की ताई. एकाच घरात ऱ्हातो आमी."

"तसं नाही चालत, काकू. ज्याचं कार्ड त्याचाच इलाज."

काकूंनी थोडा विचार केला.

"मंग माझंच करून टाका बायपास. आलेलं कार्ड कामून वाया घालवायचं?"

*

गंगापूरकडचे दोन भाऊ आले होते. धाकट्याचं आधार टाकलं, तर एकाहत्तर. थोरल्याचं टाकलं, तर अडुसष्ट! धाकट्याला कार्ड मिळणार, थोरल्यानं दोन वर्षांनी यायचं.

थोरले भडकले. "ह्याला म्या खांद्यावर बसवून जत्रा दाखवली! ह्याचं नाक म्या पुसलं!"

"पुसलं असेल हो. पण आधारवर ते तुमचे मोठे भाऊ आहेत."

धाकटे इतका वेळ थोरल्याच्या मागं उभे होते, भावासमोर बसायचं नाही म्हणून. माझं बोलणं ऐकून ते पुढं आले, रिकाम्या खुर्चीवर बसले, पाय लांब केले.

"जा रे," थोरल्याला म्हणाले, "वाईच पानी आन."

*

गुलमंडीवरचे एक कापडाचे व्यापारी गाडी घेऊन आले. आमच्याकडं यायला लाज वाटत होती की काय, गाडी चार दुकानं पलीकडं लावली. हातात प्लास्टिकची फाईल. त्यात उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, लाईट बिल, घरपट्टी, मुलाची मार्कशीट. मोजून चौदा कागद.

मी म्हटलं, "काका, फक्त आधार द्या."

"आणि उत्पन्नाचा दाखला?"

"उत्पन्नाची अटच नाही."

काका माझ्याकडं बघत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "सरकारी काम, आणि अट नाही? कागद लागत नाही? बाई, तुमची साईट तरी खरी आहे का?"

मी समजावलं. चाचांनी समजावलं, "सेठ, सच्ची में नई लगता कागज." शेवटी काका हट्टाला पेटले. "एवढं घरून आणलंय, एकाची तरी झेरॉक्स घ्या!" मी काही घेतली नाही. माझं तत्त्व आडवं आलं. काका तणतणत निघून गेले.

आठ दिवसांनी रस्त्यात भेटले. चेहरा एकदम खुललेला. म्हणाले, "झालं बरं का कार्ड! दुसरीकडं केलं. त्यानं चौदाच्या चौदा कागद ठेवून घेतले. माणूस एकदम जेन्युइन!"

*

बोटांचे ठसे उठत नाहीत, ही आमच्याकडची रोजची रड. जन्मभर गवंडीकाम केलेल्या एका बाबांचा अंगठा मशीनवर ठेवला, तर मशीनला वाटलं कुणी लाकूड ठेवलंय. मग चेहऱ्यानं ओळख पटवायची. त्यात मोबाईलकडं बघून डोळे मिचकवावे लागतात. मी मोबाईल बाबांसमोर धरला.

"बाबा, इकडं बघा आणि डोळे मिचकवा."

बाबा दचकले. शेजारी त्यांची बायको बसलेली. बाबांनी आधी तिच्याकडं बघितलं, मग जमिनीकडं.

"ताई, आपल्याकडून तसलं व्हनार नाय."

आजींनी तोडगा काढला. "त्या चाचाला धरू द्या मोबाईल. बाईकडं बगून नगं."

चाचांनी मोबाईल धरला. बाबांनी मिचकवले. उजेड कमी पडला, फेल. पुन्हा मिचकवले, नेट गेलं. तिसऱ्यांदा मात्र हिरवी टिक आली आणि मी हुश्श केलं.

आजी पिशवी उचलत म्हणाल्या, "पन्नास वरसं झाली, माझ्याकडं बगून एकदा मिचकावला नाय. आन ह्या चाचाकडं बगून तीनदा!"

दादाराव कोपऱ्यातल्या खुर्चीत इतके हसले की त्यांना खोकला आला. मग चाचांनी त्यांना पाणी दिलं आणि पंखा त्यांच्याकडं वळवला.

*

गारखेड्याच्या एक निवृत्त शिक्षिका खास बजाजनगरपर्यंत आल्या, कारण इथं ओळखीचं कुणी भेटत नाही. डोळ्यांवर गॉगल. दुकान रिकामं होईपर्यंत बाहेर उभ्या राहिल्या.

"मॅडम, सत्तर पूर्ण आहेत ना?"

"तसं... असतील."

मी आधार टाकलं. "एकाहत्तर आहेत की!"

"हळू बोला हो!"

दुकानात कोपऱ्यात दादाराव होते फक्त, आणि प्रिंटरच्या आवाजात हरवलेले चाचा.

"कार्डावर वय छापतात का?"

"जन्माचं वर्ष येतं."

"मग राहू द्या," त्या उठल्याच. "दवाखान्यात ॲडमिट झालं की आमच्या भिशीतल्या सगळ्या भेटायला येतात!"

कशीबशी समजूत घालून कार्ड काढलं. पुढच्या पंधरा दिवसांत त्याच भिशीतल्या तिघी आल्या. वेगवेगळ्या दिवशी, आणि तिघी गॉगल लावून! कार्ड हातात पडल्यावर तिघींनीही एकच विचारलं, "आमच्यातलं कुणी येऊन गेलं का हो?"

*

इकडं महिना संपत आला होता. आधारवर खरं वय चढवायचं तर जन्माचा पुरावा पाहिजे, हे मी दादारावांना पहिल्या दिवसापासून सांगत होते. पण त्यांची वेगळीच भीती.

"खरं वय भाईर आलं तर कंपनी सहा वरसांचा पगार माघारी मागंल."

"दादाराव, ती कंपनी विकली जाऊन जमाना झाला!"

"नवा मालक लई कडक हाय म्हंत्यात."

शेवटी पारूबाईंनी त्यांना ओढत एका कार्यालयात नेलं. तिथल्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, "जन्माची नोंद नाही ना? मग जन्माच्या वेळी हजर असलेले दोन साक्षीदार आणा."

बहात्तर वर्षांच्या माणसानं! त्याच्या आईच्या बाळंतपणाला हजर असलेले!

दादाराव हात जोडून म्हणाले, "आनतो साहेब. दोगंबी वर गेल्यात. तुमी असंच चालू ठिवलं तर म्याबी तिकडंच चाललोय, तितून दोगांना लावून देतो."

हे त्यांनी दुकानात येऊन सांगितलं तेव्हा चाचा पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. आमच्या चार पायऱ्या चढल्या की दादाराव आता खुर्चीच्या पाठीला धरून मिनिटभर उभे राहायला लागले होते. मला त्या साहेबांचा भयंकर राग आला. आणि खरं सांगायचं तर सहा वर्षं चोरणाऱ्या दादारावांचाही आला. सगळा राग मी प्रिंटरवर काढला.

चाचाच म्हणाले, "बाई, चिल्लाने से क्या होता? गाँव की स्कूल का रजिस्टर देखो ना."

दादाराव आणि काकू एसटीनं गावी गेले. हेडमास्तरांनी पत्र्याच्या पेटीतून जुनं रजिस्टर काढलं. त्या पानाची वरची कड वाळवीनं खाल्लेली, खालची खाल्लेली. दादारावांची ओळ तेवढी शाबूत! जन्मतारीख अर्थातच एक जून. त्या काळच्या मास्तरांनी सगळं गाव एक जूनलाच जन्माला घातलं होतं. तारखेवरून वय मात्र बरोबर बहात्तर भरत होतं.

त्या ओळीचा उतारा घेतला, त्यावर पुढचे कागद झाले, आधार केंद्रावर अर्ज गेला, आणि आम्ही मोबाईलकडं बघत बसलो. सातव्या आठवड्यात मेसेज आला. चाचा लॅमिनेशनचं मशीन चालू सोडून ओरडले, "दादाराव, मुबारक हो! बुढ्ढे हो गए!"

दहा मिनिटांत कार्ड निघालं. मी ते डबल लॅमिनेशन करून दिलं. नियमात बसत नाही, पण दिलं.

*

ऑपरेशनच्या सकाळी मी दवाखान्यात गेले. ऐनवेळी कागदाचं काही अडायला नको म्हणून शाळेचा उतारा, नवं आधार, कार्डाची ताजी प्रिंट, सगळं फाईलला लावून नेलं होतं. गुलमंडीच्या काकांनासुद्धा माझा अभिमान वाटला असता. पण कार्डाचं काही अडलं नाही. काउंटरवरच्या मुलीनं नंबर टाकला आणि फाईल पुढं गेली.

दादाराव हिरवा गाऊन घालून कॉटवर पडले होते. पारूबाई शेजारी स्टुलावर, मांडीवर त्यांचे कपडे आणि चष्मा. भूल देणारी डॉक्टर फॉर्म घेऊन आली. पोरसवदाच होती.

"बाबा, वय किती?"

"बहात्तर!" मीच बोलले. दोन महिने ज्या आकड्यासाठी जिवाचं रान केलं, तो सांगायचा मान मी कशाला सोडते? फाईलही पुढं केली. "शाळेचा उतारा आहे."

"मॅडम, तो काउंटरवर. मला कागद नको," डॉक्टर म्हणाली. "भुलीचा डोस वयावर ठरतो. चुकलं तर ह्यांनाच त्रास. बाबा, खरं वय सांगा."

दादाराव छताकडं बघत राहिले. दोन महिन्यांत मी या माणसाला इतकं घाबरलेलं बघितलं नव्हतं, ते त्या सकाळी बघितलं.

"शाळंतलं नाय का चालत?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही बाबा. खरं पाहिजे."

दादारावांनी डोळ्यांनीच स्टुलाकडं खूण केली आणि आवाज अजून खाली आणला.

"मंग हिला जरा भाईर पाठवा."

डॉक्टरनं पारूबाईंकडं बघितलं. मीही बघितलं. काकूंनी मांडीवरचे कपडे सारखे केले, स्टूल कॉटच्या आणखी जवळ ओढलं आणि दादारावांचा हात हातात घेतला.

"लिवा बाई, काय सांगत्यात ते," त्या डॉक्टरला म्हणाल्या. "मी कुटं जात नाय."