टिकली राहू दे

माणुसकीला सीमा नसतात. देशांना असतात, म्हणून आम्ही साठेक माणसं पनवेलच्या एका हॉटेलच्या हॉलबाहेर टोकन घेऊन उभी होतो. आत व्हिसाचं शिबिर होतं. मला लेकीकडे नातू बघायला जायचं होतं.

माझ्या पुढे करंजाड्याची एक पस्तिशीची बाई होती. तिचा नवरा परदेशात नोकरीला. मेंदूत रक्तस्राव होऊन सहा दिवस बेशुद्ध होता. तो असेपर्यंत पोचायचं, एवढंच तिचं म्हणणं. मागे उलव्याच्या एक आजी, सुनेच्या बाळंतपणाला निघालेल्या.

"आमची शेती त्या इमानतलाखाली गेली," आजी म्हणाल्या. "आता इमानात तरी बसते. तुमचं काय गेलंय?"

"काही नाही. आमची शेतीच नव्हती."

"मंग सुतकी तोंड करून कशाला उबं हाव?"

पुढची बाईसुद्धा हसली. तीन तासांत आजींच्या डब्यातल्या तांदळाच्या भाकऱ्या आम्ही तिघांनी संपवल्या. मग त्या बाईचा फोन वाजला. तिने ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली, फोन पर्समध्ये ठेवला.

"गेले," ती आम्हाला म्हणाली. तिचा हात कपाळाकडे गेला. आजींनी मनगट धरलं.

"आता नाय, पोरी. आदी फोटो होऊ दे. पासपोर्टात टिकली हाय ना? र्‍हाऊ दे."

मी नोकरीभर लोकांचे अर्ज तपासले. गप्प बसायला हवं होतं. "फॉर्मवर आजारी नवऱ्याची भेट असं कारण आहे," मी म्हणालो. "आत काही बोलू नका. कारण बदललं की नवा फॉर्म, नवी तारीख." आसपासच्यांनी माना डोलावल्या. रांगेत ठामपणे बोलणाऱ्याचं लोक ऐकतात.

ती टिकलीसकट आत गेली. "मॅडम, चेहरा नॉर्मल ठेवा," असं दारातून तीनदा ऐकू आलं. बाहेर आल्यावर आजींनी तिला भिंतीकडे वळवून नखाने टिकली काढली. मग ती रडली. आम्ही दोघं तिला आडोसा करून उभे राहिलो.

आठवड्याने माझा पासपोर्ट घ्यायला त्याच हॉलमध्ये गेलो; तिचा अजून आला नव्हता. टेबलामागे नोटीस होती : जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू झाला असल्यास तसे सांगावे, अर्ज दोन दिवसांत निकाली काढला जाईल. कागद पिवळा पडला होता, म्हणजे त्या दिवशीही असणार. बाहेर येऊन तिला फोन केला आणि नोटीस वाचून दाखवली.



"असू दे, काका. तुम्ही चांगल्यासाठीच सांगितलंत. तिकडे मयत जास्त दिवस ठेवत नाहीत. आज सकाळी झालं सगळं. मोबाइलवर दाखवलं त्यांच्या मित्राने."

"चेहरा दिसला का?"

"नेट अडकत होतं."

तेरावं करंजाड्याला झालं. तिचा व्हिसा त्यानंतर तीन दिवसांनी आला. नव्वद दिवस राहायची मुभा होती.